ईश्वरी योजना (ख्रिस्ती)

जगात आणि माणसाच्या आयुष्यात जे घडते ते देवाच्या हेतूबाहेर नाही, ही ख्रिस्ती श्रद्धा. ‘देवाची योजना’, ‘प्रभूची इच्छा’ हे तिचे मराठीतले रूढ शब्दप्रयोग.

‘प्रोनोईया’ (पूर्वदृष्टी, काळजी) ही ग्रीक संज्ञा विशेषतः स्टोइक पंथाच्या ग्रीक तत्त्वज्ञांनी रुळवली. ‘शलमोनाचे ज्ञान’ या ग्रीक भाषेतील यहुदी ग्रंथात (बहुधा इ. स. पू. पहिले शतक किंवा किंचित नंतर) ती देवाला लावलेली दिसते, नव्या करारात देवाच्या संदर्भात ती एकदाही येत नाही. शुभवर्तमानकार लूकचा शब्द वेगळा आहे : ‘देई’, म्हणजे ‘अवश्य आहे’. नव्या करारात तो सुमारे शंभर वेळा येतो, त्यांपैकी चाळीसएक वेळा लूकचे शुभवर्तमान व प्रेषितांची कृत्ये यांत. ही ‘अवश्यता’ ग्रीक नियतिवादाची (सारे अटळ नियतीने ठरते या मताची) छाया आहे असे काही अभ्यासक मानतात. पण जुन्या करारातील दानीएलाच्या ग्रीक भाषांतरातही हा शब्द येतो, आणि अम्माऊस गावाच्या वाटेवर पुनरुत्थित येशू शिष्यांना भेटतो त्या कथेत लूक त्याची सांगड शास्त्रलेखांशी घालतो. म्हणून त्याचे मूळ हिब्रू परंपरेत पाहणे अधिक सयुक्तिक वाटते. शिवाय जक्कय या जकातदाराच्या घरी उतरणेही येशू ‘अवश्य’ म्हणतो (लूक १९:५). अंध नियती कोणाच्या घरी पाहुणी जात नाही.

‘हिना’ या ग्रीक अव्ययाचा वाद अधिक बिकट आहे. ‘यासाठी की’ असा हेतू, की ‘परिणामी’ एवढेच? जन्मांधाच्या कथेत (योहान ९:३) अर्थ यावरच अवलंबून आहे. प्राचीन हस्तलिखितांत विरामचिन्हे जवळजवळ नसल्याने काहीजण ‘देवाची कार्ये प्रकट व्हावीत म्हणून’ हे शब्द पुढच्या वाक्याला जोडतात. मग आंधळेपणाला हेतू चिकटत नाही. बहुसंख्य भाषांतरे जुनाच अन्वय ठेवतात. मात्र आंधळेपणा त्याच्या किंवा आईबापांच्या पापामुळे नाही, हे येशूचे उत्तर दोन्ही वाचनांत कायम राहते. शिलोहाचा बुरूज पडून मेलेल्या १८ जणांना अधिक दोषी ठरवण्यासही तो नकार देतो (लूक १३:४). दुःखिताला त्याच्या दुःखाचे ‘कारण’ ऐकवणाऱ्यांनी ही दोन वचने आधी वाचावीत. एकही चिमणी पित्याच्या इच्छेवाचून जमिनीवर पडत नाही, या वचनातही (मत्तय १०:२९) मुळात ‘पित्यावाचून’ एवढेच आहे; ‘इच्छा’ हा शब्द भाषांतरकारांची भर.

पुढे ख्रिस्ती तत्त्वचिंतक ऑगस्टीन, बोईथियस (सु. ५२४) व अक्वायनस यांनी या कल्पनेला तात्त्विक बैठक दिली. हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी (१५६३) हे प्रॉटेस्टंट धर्मशिक्षणाचे पुस्तक पाऊस आणि अवर्षण, आरोग्य आणि आजार, सारे पित्याच्या हातून येते असे शिकवते. १७५५ च्या लिस्बन भूकंपानंतर या विश्वासाला युरोपात मोठा हादरा बसला.

मराठीत फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’त (१६१६) जुन्या करारापासून येशूपर्यंतचा तारणाचा इतिहास ओवीबद्ध झाला आहे.

दैनंदिन आचारात लोयोलाच्या इग्नेशियसची आत्मपरीक्षणाची रीत महत्त्वाची. त्याच्या ‘आध्यात्मिक साधना’ला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली. सरलेला दिवस देवाचे आभार मानून क्रमाने तपासणे, हे या आत्मपरीक्षणाचे स्वरूप. उद्याचा बेत सांगताना ‘प्रभूची इच्छा असली तर’ म्हणण्याचा प्रघात याकोबाच्या पत्रातला (४:१५).