झूम लेन्स घ्यायला येताना कॅमेरा सोबत आणा

आमच्या ठाण्याच्या दुकानात येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘तीनशेवाली लेन्स आहे का? स्वस्तातली?’ आहे. (तीनशे म्हणजे ३०० एमएम; हा आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं.) पण त्याआधी आम्ही दोन गोष्टी विचारतो. कॅमेरा कुठला, आणि फोटो कुठे उभं राहून काढणार?

कॅमेऱ्याचं आधी सांगतो, कारण पैसे सगळ्यात जास्त इथेच बुडतात. मागच्या उन्हाळ्यात एक गृहस्थ निकॉन डी ३१०० घेऊन आले. ऑनलाइन घेतलेली नवी कोरी ७०-३०० त्यावर लावलेली, आणि फोकस काही केल्या होईना. रिंग हाताने फिरवली तरी नाही. लेन्समध्ये काहीच बिघाड नव्हता. ती एएफ-पी जातीची होती, आणि या लेन्स डी ३१००, डी ३२००, डी ५१००, डी ९०, डी ७००० अशा जुन्या बॉडींवर फोकसच करत नाहीत. डी ३३०० किंवा डी ५३०० असेल तर आधी कॅमेऱ्याचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करावं लागतं. जुन्या बॉडीवाल्यांनी सरळ एएफ-एस ५५-२०० किंवा ५५-३०० घ्यावी. उलट, कोणी जुनी, स्वतःची मोटर नसलेली एएफ-डी लेन्स स्वस्तात देत असेल, तर डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते हे ध्यानात ठेवा; फोकस हातानेच करत बसावं लागेल.

कॅननवाल्यांना ही भानगड नाही. छोट्या सेन्सरच्या (सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातला फोटो टिपणारा भाग) बॉडीवर ईएफ आणि ईएफ-एस या दोन्ही जातींच्या लेन्स चालतात. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या बॉडीवर मात्र ईएफ-एस बसतच नाही. कमी बजेटमध्ये आमची पहिली पसंती ५५-२५० एसटीएम. वजन ३७५ ग्रॅम, म्हणजे दिवसभर गळ्यात अडकवली तरी मान धरत नाही.

‘पण ती अडीचशेच ना?’ हो. पंचवीस मीटरवरचा पक्षी ३०० वर जेवढा मोठा दिसतो, तेवढाच २५० वर दिसायला चारेक मीटर पुढे सरकावं लागतं. (तोवर पक्षी थांबला तर!) आकड्यापेक्षा आम्ही नावापुढची अक्षरं बघतो: कॅननमध्ये आयएस, निकॉनमध्ये व्हीआर. याचा अर्थ लेन्समध्ये स्टॅबिलायझर आहे. कॅननच्या छोट्या सेन्सरवर २५० चा कोन फुल फ्रेमवरच्या ४०० इतका अरुंद होतो, आणि अरुंद कोनात हाताची थरथर जास्त दिसते, म्हणून हातात धरून काढताना शटर स्पीड १/४०० सेकंदाच्या आसपास लागतो. चांगला स्टॅबिलायझर असेल तर स्थिर वस्तू १/५० लाही बऱ्यापैकी स्वच्छ येते. निकॉनची एएफ-पी ७०-३०० व्हीआरसह आणि व्हीआरशिवाय अशी दोन्ही मिळते, नावात फरक तेवढ्या दोनच अक्षरांचा. खोक्यावर नीट वाचून घ्या.

स्टॅबिलायझर तुमचा हात सावरतो, समोरच्याला स्थिर करत नाही. ऐरोलीहून फ्लेमिंगो बघायला बोटीतून जाणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. बोट डुलते, पक्षी उडतात. तिथे सकाळच्या उन्हात १/१००० ठेवा आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) वाढवायला कचरू नका. त्याने फोटोत दाणे दिसतात, पण दाण्यांचा फोटो चालतो, हललेला चालत नाही.

मुलांच्या स्नेहसंमेलनासाठी झूम मागणाऱ्यांना आम्ही जरा थांबवतो. या लेन्स पूर्ण झूमवर ५.६ किंवा ६.३ पर्यंतच उघडतात (हा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त). २.८ वाल्या महागड्या लेन्समधून ५.६ च्या चौपट प्रकाश येतो, पण ती लेन्स या बजेटात बसत नाही. हॉलच्या मंद दिव्यांत नाचणारं मूल टिपायचं तर ५० एमएम १.८ घ्या आणि पुढच्या रांगेत जागा धरा. आमची विक्री कमी होते, चालेल.

पाडव्याच्या स्वागतयात्रेत साधी १८-५५ च बरी. ढोलपथकासमोर उभं राहून ५५ पासून सुरू होणारी लेन्स लावली, तर एक ढोल आणि अर्धा माणूस एवढंच मावतं. गर्दीत, धुळीत लेन्स बदलायला तर जाऊच नका.

सेकंडहँडला आमची ना नाही, आम्हीही विकतो. फक्त मोबाइलचा टॉर्च मागून आत मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. बारीक धूळ असेल तर काही बिघडत नाही. ठाण्याच्या पावसाळ्यात बॅगेत बंद पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी हमखास लागते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून त्यात लेन्स ठेवा, आणि जेलचा रंग बदलला की ते वाळवा किंवा बदला.

पुढेमागे मिररलेस (आत आरसा नसलेला नवा कॅमेरा) घ्यायचा विचार असेल तर अडू नका. कॅननच्या या लेन्स अडॅप्टर लावून मिररलेसच्या आर मालिकेवर ऑटोफोकससकट चालतात. निकॉनच्या एएफ-एस आणि एएफ-पी लेन्स त्यांच्या मिररलेसवर एफटीझेड अडॅप्टर लावून चालतात. एएफ-डीला तिथेही ऑटोफोकस नाही.

येताना बॅटरी चार्ज करून आणि रिकामं कार्ड घेऊन या. दुकानाबाहेर उभं राहून ज्या दोन लेन्समध्ये निवड करायची असेल, त्या दोन्हींनी समोरच्या पाट्यांचे फोटो काढा, घरी मोठ्या स्क्रीनवर बघा, मग फोन करा. लेन्स दोन दिवस बाजूला ठेवू, ॲडव्हान्स नको. सोमवारी दुकान बंद.