टक्-टक् करणारी सातवी चेता

इंदूरला आमच्या राजेंद्र नगरात शेजारच्या काकूंना फोन डाव्या कानाला लावला की ऐकू येईना, आणि कानात सारखी शिटी वाजायची. एमआरआय केला तर लहान मेंदू आणि ब्रेनस्टेम (मेंदूचा देठ) यांच्या बेचक्यात गाठ निघाली. ती कॅन्सरची नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तरी काकू पहिल्यांदा बोलल्या ते हेच, "म्हणजे आता माझं तोंड वाकडं होणार."

एकेकाळी ही भीती खरीच होती. मेंदूतून निघणाऱ्या चेतांना, म्हणजे नसांना, क्रमांक दिलेले आहेत. ही गाठ वाढते त्यातल्या आठव्या चेतेच्या आवरणपेशींपासून. ऐकणं आणि तोल सांभाळणं हे या चेतेचं काम. तिला खेटूनच सातवी चेता जाते. डोळा मिटणं, हसणं, गाल फुगवणं हिच्याकडे. कवटीच्या हाडातल्या एकाच अरुंद बोगद्यातून दोघी जातात. गाठ फुगते तशी सातवी चेता तिच्या अंगावर ताणली जाऊन ओल्या कागदाच्या पट्टीसारखी सपाट होते. मायक्रोस्कोपखालीसुद्धा गाठ कुठं संपली नि चेता कुठं सुरू झाली ते उमगत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या सर्जनपुढे रुग्ण जगवणं हाच प्रश्न होता, चेहऱ्याचा विचार नंतर.

डोळ्याला जे दिसत नाही ते विजेला विचारायचं, ही युक्ती मात्र जुनी. जर्मन सर्जन फेडोर क्राउझ यांनी १८९८ मध्ये ऑपरेशन चालू असताना या चेतेला विजेने डिवचलं आणि चेहऱ्याचे स्नायू आखडताना पाहिले. आज चेहऱ्याकडे बघत बसावं लागत नाही. भूल दिल्यावर डोळ्याभोवतीच्या आणि ओठाभोवतीच्या स्नायूंत बारीक सुया बसवतात. स्नायू आकुंचन पावला की त्यात वीज उमटते, आणि तिची स्पंदनं सेकंदाला काही दहांपासून काही शेंपर्यंत असतात. आपल्या कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यातच हे बसतं! म्हणून ती नुसती मोठी करून लाउडस्पीकरला जोडली की काम झालं. मला या सगळ्यात सर्वांत जास्त आवडतं ते हे. सर्जनने मान वर न करता चेतेचं बोलणं ऐकायचं.

गाठीच्या आवरणावर एक बारीक प्रोब, म्हणजे किंचित करंट सोडणारी सळई, फिरवतात. ‘टक्-टक्’ आलं तर खाली चेता आहे, तिथं हात आवरायचा. नाही आलं तर कापायला हरकत नाही. पण करंट फार वाढवला तर तो भोवतालच्या द्रवातून पसरून लांबच्या चेतेलाही जागं करतो. पाचव्या चेतेला लागला तर चावण्याच्या स्नायूंचं उत्तर दोन-तीन मिलिसेकंद लवकर येतं, त्यावरून ती ओळखता येते. प्रोब न लावताही चेता ओढली गेली तर स्पीकरवर सलग चरचर सुरू होते. मग सर्जन थांबतो, कोमट सलाइन सोडतो, दुसरीकडून काम धरतो.

यासाठी भूलतज्ज्ञाला एक पथ्य पाळावं लागतं. स्नायू शिथिल करणारं औषध फार तर सुरुवातीला श्वासासाठी नळी घालण्यापुरतं. ते चालू ठेवलं तर चेता ओरडली तरी स्नायू गप्प राहील. रक्तस्राव थांबवायला चटका देतात तेव्हाही गोंगाटात काही कळत नाही, आणि चेतेला उष्णतेची इजा व्हायची वेळ नेमकी तीच.

काकूंना कुणीतरी मंतरलेला धागाही आणून दिला, ‘अमक्याचा लकवा यानेच गेला’ म्हणून. अचानक तोंड वाकडं होणारे बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप सुधारतात, आणि श्रेय धाग्याला मिळतं. गाठ धाग्याने विरघळत नाही. मोठमोठ्या होर्डिंगवरचं ‘रोबोट तुमची नस वाचवेल’ हेही मला पटत नाही. ऐकून थांबणारा हात सर्जनचाच असतो.

गाठ चेतेला फारच चिकटली असेल तर पातळ पापुद्रा तसाच ठेवून पुढे एमआरआयने लक्ष ठेवतात. सगळं झाल्यावर ब्रेनस्टेममधून चेता जिथं निघते तिथं शेवटचा प्रोब लावतात, अवघा ०.०५ मिलिअँपिअर. साध्या एलईडी दिव्यालाही याच्या कित्येक पट करंट लागतो. एवढ्यावर ‘टक्’ आलं, तर जाग आल्यावर चेहरा थोडा ओघळलेला दिसला तरी तो पूर्ववत होण्याची आशा चांगली असते. काकूंच्या मुलाला मी सांगून ठेवलंय, ऑपरेशननंतर डॉक्टरांना शेवटी किती करंटवर ‘टक्’ आलं तो आकडा विचार.