कॅटफिश विकत घेण्यापूर्वी: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या शोभिवंत माशांच्या दुकानात येणारे बरेच ग्राहक कॅटफिश (तोंडाजवळ मिशा असणारा मासा) मागताना जातीचे नाव न घेता "काच साफ करणारा मासा द्या" एवढेच सांगतात. या मागणीमागे असा समज असतो की, हा मासा इतर माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य खाऊन टाकी स्वच्छ ठेवील आणि त्याच्यासाठी वेगळा खर्च करावा लागणार नाही. वास्तविक कोणताही कॅटफिश दुसऱ्या माशांची विष्ठा खात नाही. काही जाती शेवाळ खातात, काही तळातले किडे व खाद्यकण टिपतात. पण त्या स्वतःही घाण करतात आणि तोंडाने काचेला चिकटणारा सकर (प्लेको) यासारखा मोठा मासा तर साफ करतो त्याहून अधिक घाण करतो. टाकी साफ ठेवण्याचे काम फिल्टरचे आणि दर आठवड्याला थोडे पाणी बदलणाऱ्या मालकाचे आहे. कॅटफिश आवडतो म्हणूनच तो घ्यावा, अशी आमची विनंती आहे.

मासा किती मोठा होणार?

विक्रीस येणारा सकर बोटाएवढा असतो, त्यामुळे फसगत येथेच होते. चांगले खाणेपिणे मिळाल्यास तो एक फुटापेक्षा मोठा होतो, अनेक वर्षे जगतो आणि दोन फुटी टाकीत त्याला धड वळताही येत नाही. "टाकी लहान असली की मासाही लहान राहतो" हे आम्हाला वारंवार ऐकवले जाते, परंतु अशा टाकीत खुंटलेला मासा आजारी असतो आणि लवकर मरतो. 'शार्क' या नावाने विकला जाणारा चंदेरी पंगेशियसही याच प्रकारात मोडतो. हा शार्क नसून मेकाँग नदीच्या खोऱ्यातला कॅटफिश आहे, त्याची लांबी एक मीटरपर्यंत जाऊ शकते आणि हॉटेलात 'बासा' म्हणून ताटात येतो तो बहुधा हाच. अॅमेझॉनचा रेडटेल कॅटफिशही मीटरभर वाढतो आणि तोंडात मावेल तो मासा गिळतो. हे दोन्ही मासे घरगुती टाकीसाठी आम्ही देत नाही. मागणी असूनही नाही. थाई मांगूर नावाने ओळखल्या जाणाऱ्या आफ्रिकन मागूर या कॅटफिशच्या पालनावर भारतात 2000 सालापासून बंदी आहे, तेव्हा तो मागूच नये.

ज्यांना खरोखरच शेवाळ खाणारा मासा हवा आहे, त्यांनी ब्रिसलनोज घ्यावा. तो साधारण 12 ते 15 सेंटिमीटरवर थांबतो, मोठ्या नराच्या थोबाडावर मिशांसारखे फुटवे येतात आणि टाकीत बुडवलेल्या लाकडाचा तुकडा खरवडत तो तासन्‌तास बसतो. शेवाळ संपल्यावर त्याला काकडी अथवा उकडलेल्या दुधीची चकती लागते. उरलेली चकती दुसऱ्या दिवशी सकाळी काढून टाकावी, नाहीतर पाणी नासते.

दोन फुटी टाकीसाठी आमची पहिली शिफारस मात्र कोरीची, म्हणजे कोरिडोरासची, असते. दक्षिण अमेरिकेतला हा लहानसा, चिलखती अंगाचा मासा कळपाने राहतो. एकटा ठेवल्यास तो कोपऱ्यात दडून बसतो, म्हणून एकाच जातीचे किमान सहा घ्यावेत. ब्राँझ कोरी आपल्याकडच्या हवामानाला बऱ्यापैकी सोसतो, तर पेपर्ड कोरीला थंड पाणी मानवते आणि मे महिन्यात पाणी तिशीच्या वर गेले की तो हैराण होतो. उष्ण गावांतील ग्राहकांनी त्याऐवजी स्टर्बाय कोरीचा विचार करावा. कोरी मधूनमधून झपकन वर येऊन हवा गिळून परत खाली जातो, ही त्याची नैसर्गिक सवय आहे. तो सतत वर येऊ लागला, तर मात्र पाण्यात प्राणवायू कमी पडतो आहे असे समजून एअर पंप तपासावा. खाली टोकदार खडी असेल, तर त्याच्या मिशा झिजतात आणि जखमांत संसर्ग होतो, म्हणून बारीक गोल वाळूच घालावी. खाद्य तळाशी बुडणाऱ्या गोळ्यांचेच हवे, आणि ते दिवा बंद केल्यावर टाकले तर वरचे मासे ते आधी पळवत नाहीत.

निवडताना आणि घरी नेताना

पोट आत गेलेले, डोळे खोल गेलेले, मिशा तुटलेल्या, अंगावर पांढरे ठिपके असलेला किंवा पोटाखाली लाली दिसणारा मासा, आम्ही देत असलो तरी, नाकारावा. शक्य असल्यास आमच्याकडे तो खाताना पाहावा. नवा माल ज्या दिवशी येतो त्या दिवशी मासे घेऊ नयेत, कारण प्रवासाने थकलेला मासा लगेच दुसऱ्या पाण्यात टाकणे धोक्याचे असते. घरची टाकी पूर्णपणे सायकल झालेली, म्हणजे माशांच्या घाणीतून तयार होणारे विषारी अमोनिया व नायट्राइट शून्यावर आलेली असावी. नव्या टाकीला याकरिता साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

कोरी आणि सकर यांच्या कल्ल्यांमागचे काटे ताठ उभे राहून अडकतात. शिंगाळा (समुद्रातला कॅटफिश) साफ केलेल्या कोकणी माणसाला हे वेगळे सांगायला नको. जाळीत गुंतलेला काटा कधी ओढून काढू नये. मासा पाण्यातच ठेवून जाळी कापावी. काट्याने पिशवी फुटू नये म्हणून आम्ही दुहेरी पिशवी देतो. घरी पोहोचल्यावर दिवा बंद करून पिशवी वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवावी, नंतर तासाभरात थोडे थोडे टाकीचे पाणी पिशवीत मिसळावे आणि मासा हलकेच टाकीत सोडावा; पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढणारे औषध न घालता पाणी बदलू नये. शक्य असल्यास नवा मासा दोन ते चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा. कॅटफिशला तांब्याची औषधे आणि जास्त मीठ सोसत नाही, म्हणून पांढऱ्या ठिपक्यांवर औषध घालण्यापूर्वी आम्हाला जरूर विचारावे.

मासा टाकीला मोठा पडू लागला, तर तो नदीत, तलावात किंवा विसर्जनाच्या हौदात सोडू नये. उजनीच्या जलाशयातही मच्छीमारांच्या जाळ्यात सकर सापडत असल्याच्या बातम्या आल्या आहेत. कोणीतरी 'दया' म्हणून सोडलेले मासे असे वाढतात, जाळी फाडतात आणि स्थानिक माशांच्या वाट्याचे खातात. असा मासा आमच्याकडे आणून द्यावा. त्याचे पैसे मिळणार नाहीत, परंतु मोठी टाकी असलेल्या ग्राहकाकडे त्याची सोय करण्याचा आम्ही प्रयत्न करू.