हत्तरसंग कुडल (पुरातत्त्वीय स्थळ)

दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा आणि सीना या नद्यांच्या संगमावर असलेले मंदिरस्थळ. सोलापूर शहरापासून अंतर सुमारे ४० किमी. कन्नडमध्ये ‘कूडल’ म्हणजेच संगम. बसवेश्वरांचे कूडलसंगम वेगळे, ते कर्नाटकात कृष्णा-मलप्रभेच्या संगमावर आहे. हत्तरसंग कुडल येथे संगमेश्वर आणि हरिहरेश्वर ही दोन चालुक्यकालीन मंदिरे आहेत.

हरिहरेश्वराचा बराचसा भाग मातीखाली गाडला गेला होता. विसाव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या उत्खननात त्याचा मंडप मोकळा झाला. हरी आणि हर यांच्यासाठी दोन गाभारे आणि मधोमध छत उघडे ठेवलेला स्वर्गमंडप, अशी त्याची रचना आहे. १९९९ मध्ये येथे बहुमुखी शिवलिंग मिळाले. त्यावर ३५९ मुखे ओळींनी कोरलेली आहेत. मूळ लिंग धरून ती ३६० मोजतात. एका नमस्कारात वर्षभराचे दर्शन घडते, अशी भाविकांची श्रद्धा त्यातूनच आली.

अभ्यासकांच्या दृष्टीने मात्र येथील खरे धन आहे संगमेश्वर मंदिरातील तुळईवरचा शिलालेख. सोलापूरचे शिलालेख-अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. त्यावर शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८, असा काळ आहे आणि शेवटी मराठी वाक्य येते: ‘वाछि तो विजेया होईवा’. जो वाचील तो विजयी होईल! जुन्या दानलेखांत दान मोडणाऱ्याला शाप असतो, गधेगाळीच्या दगडांवर तर गाढवाची शिवीच कोरलेली असते. येथे आशीर्वाद आहे, आणि तोही वाचणाऱ्याला. आद्य मराठी लेख कोणता, हा वाद कर्नाटकातील श्रवणबेळगोळ आणि रायगड जिल्ह्यातील अक्षी येथील लेखांभोवती अजून चालू आहे. पण श्रवणबेळगोळच्या मराठी ओळींवर शक कोरलेला नाही, कुडलच्या लेखावर आहे, हे लक्षात घेतलेच पाहिजे.

असा लेख नुसत्या डोळ्यांनी लागत नाही. अक्षरांच्या खाचांत सावली पडावी म्हणून उजेड तिरपा धरतात. मग दगड धुऊन त्यावर ओला कागद बसवतात, ब्रशने ठोकून तो खाचांत दाबतात आणि वरून शाईचा बोळा फिरवतात. अक्षरे कागदावर पांढरी उमटतात. या कागदाला ‘ठसा’ म्हणतात. जीर्णोद्धाराच्या उत्साहात जुन्या दगडांना ऑइल पेंट फासला जातो, तेव्हा खाचा बुजतात आणि ठसा उमटतच नाही.