५० विजयांचा विक्रम नेमका कोणाचा?

थायलंडचा बॉक्सर वानहेंग मेनायोथिन याने 2018 मध्ये पेड्रो तादुरानला हरवून सलग 51 वा विजय मिळवला, आणि अमेरिकी बॉक्सर फ्लॉइड मेवेदरचा सलग 50 विजयांचा ‘विश्वविक्रम’ त्याने मोडल्याची बातमी जगभर पसरली. ती अजूनही फिरते आहे. मुळात मेवेदरची कीर्ती अपराजित राहून निवृत्त होण्याची आहे, सर्वाधिक सलग विजयांची नव्हे. अमेरिकेच्या विली पेपने पहिला पराभव पाहण्याआधी 62 लढती जिंकल्या होत्या, तर 1993 मध्ये अमेरिकेच्या व्हिटेकरशी बरोबरी होईपर्यंत मेक्सिकोच्या चावेझच्या नावावर 87 विजय होते.

म्हणून वानहेंगची कामगिरी क्षुल्लक ठरत नाही. 47.6 किलोंच्या, म्हणजे सर्वांत हलक्या गटात त्याने 2014 पासून डब्ल्यूबीसी (जागतिक बॉक्सिंग परिषद) या संघटनेचे विजेतेपद सांभाळले, मात्र बहुतेक लढती मायदेशातच आणि अनेकदा दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांशी झाल्या, हेही नोंदवायला हवे. 54 विजयांनंतर, नोव्हेंबर 2020 मध्ये, त्याच्याच देशाच्या पन्या प्रदाबश्रीने त्याला हरवले. तिन्ही पंचांनी 115-113 असेच गुण दिले. बारापैकी एक फेरी वानहेंगकडे झुकली असती, तर लढत बरोबरीत सुटून विजेतेपदाचा पट्टा त्याच्याकडेच राहिला असता.