परत आलेला डबा

अमेरिकेतल्या शाळेत मधल्या सुट्टीत मेथीच्या भाजीचा डबा उघडला, की हिंग-लसणाच्या फोडणीचा वास टेबलभर पसरतो. हिंग आणि लसूण या दोहोंतली गंधकयुक्त संयुगे चटकन हवेत मिसळतात, त्यामुळे तो वास लपवता येत नाही. शेजारच्या मुलाने नाक मुरडले, की डबा भरलेलाच घरी येतो आणि दुसऱ्या दिवशी सँडविचचा हट्ट सुरू होतो. मुलाला घरची चव नकोशी झाली, असे आईवडील समजतात. मला हे निदान चुकीचे वाटते, कारण तीच भाजी रात्री गरम पोळीबरोबर ते मूल निवांत खाते.

चवीची ओळख तर जन्माआधीच होऊ लागते. चव आणि गंध यांवर संशोधन करणाऱ्या फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातील ज्युली मेनेला आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवून दिले, की गरोदरपणी किंवा अंगावर पाजताना आईने गाजराचा रस घेतला असेल, तर गाजराच्या चवीचा पहिला घास घेताना बाळ तोंड कमी वाकडे करते. इतकी आत रुजलेली आवड एका शेऱ्याने मोडत नाही. तिच्यावर दडपण मात्र येते.

हे दडपण माया गेंडेलमन, सपना चेरियन आणि बेन्वा मोनँ या अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मोजले. आवडता पदार्थ लिहिण्याआधी काही विद्यार्थ्यांना फक्त ‘तुम्हाला इंग्रजी बोलता येते का?’ एवढेच विचारले. हा प्रश्न न विचारलेल्या आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे २५ टक्क्यांनी ठळकपणे अमेरिकन पदार्थ लिहिला. विचारलेल्यांत हे प्रमाण ७५ टक्क्यांवर गेले. गोऱ्या विद्यार्थ्यांवर त्याच प्रश्नाचा असा परिणाम झाला नाही. दुसऱ्या प्रयोगात ‘या अभ्यासासाठी अमेरिकन असावे लागते’ असे ऐकवलेल्या आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांच्या जेवणात, तसे न ऐकलेल्यांपेक्षा सरासरी १८२ कॅलरी आणि १२ ग्रॅम स्निग्ध पदार्थ जास्त होते.

आपण इथलेच आहोत हे सिद्ध करण्यासाठी खाल्लेला हा घास शरीराला महाग पडू शकतो. आशियाई वंशाच्या लोकांना तुलनेने कमी वजनातही मधुमेह गाठतो, म्हणूनच अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१५ पासून त्यांच्या तपासणीसाठी बॉडी मास इंडेक्सची (उंचीच्या तुलनेत वजन दाखवणाऱ्या आकड्याची) मर्यादा २५ वरून २३ वर आणली आहे. त्यामुळे डबा भरलेला परत आला, तर भाजी बदलण्याआधी, टेबलावर कोण काय म्हणाले, हे मुलाला जवळ बसवून विचारायला हवे.