इंजिन ऑईल आणि एटीएफ : एकाची सवय दुसऱ्याला नडते

घरी इंजिन ऑईल बदलताना घडणारी सर्वात महाग चूक म्हणजे ऑईल काढायचं चुकीचं बूच उघडणं. गाडीखाली आडवं झाल्यावर दोन बुचं जवळजवळ दिसतात. एक इंजिनच्या चेंबरचं (तळाला ऑईल साठतं त्या भांड्याचं), दुसरं ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं. दुसरं उघडलं की गिअरबॉक्स निम्मा रिकामा होतो. मग वरून नव्या ऑईलचा कॅन इंजिनमध्ये ओतला जातो आणि तिथे ऑईल जवळपास दुप्पट होतं. अशी गाडी सुरू केली की एकाच दिवशी दोन्ही यंत्रं धोक्यात. बाहेर पडणारं ऑईल लाल असेल तर तिथेच थांबा. होंडाच्या बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत ओळख आणखी सोपी आहे : गिअरबॉक्सच्या बुचाला चौकोनी खाच असते आणि 3/8 इंची रॅचेट पान्याचं टोक तिच्यात थेट बसतं. इंजिनच्या बुचाला नेहमीचं षटकोनी डोकं असतं.

एटीएफला, म्हणजे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइडला, मुद्दाम लाल रंग देतात, गळती कुठली हे कळावं म्हणून. पण रंगावरून प्रकृती जोखताना दोघांचे नियम वेगळे. इंजिन ऑईल काळं पडतंच, काजळी सामावून घेणं हे त्याचं कामच आहे. डिझेल इंजिनात तर नवं ऑईल थोड्याच दिवसांत काळं दिसतं आणि त्यात काही वावगं नसतं. एटीएफला मात्र ज्वलनाची काजळी लागत नाही. ते तपकिरी होत जाणं वयाचं लक्षण, पण काळं झालं आणि करपल्यासारखा वास आला तर आतल्या क्लच प्लेट जळताहेत असं समजा. अशा वेळी नुसतं ऑईल बदलून फारसं काही साधत नाही.

आता पातळी. खरी गफलत इथे होते.

इंजिनची डिपस्टिक, म्हणजे ऑईलची पातळी दाखवणारी पट्टी, बघायची सवय सगळ्यांना असते : गाडी सपाट जागी, इंजिन बंद, ऑईल खाली उतरायला पाच-दहा मिनिटं, मग पट्टी पुसून पुन्हा घालायची. हीच रीत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला लावली तर वाचन चुकतं. गिअरबॉक्सचा पंप इंजिनवर चालतो. इंजिन चालू असताना तो टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑईलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग), ऑईल गार करणारा कूलर आणि आतल्या वाहिन्या भरलेल्या ठेवतो. इंजिन बंद केलं की त्यातलं थोडं ऑईल परत खाली येतं आणि पट्टीवर पातळी खोटी जास्त दिसते. म्हणून डिपस्टिक असलेल्या बहुतेक गिअरबॉक्सना इंजिन चालू ठेवूनच तपासतात. आधी गाडी फिरवून गरम करायची, हँडब्रेक लावायचा, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या गिअरमधून सावकाश फिरवायचा, पार्कमध्ये आणायचा आणि मग पट्टी काढायची. होंडा इथेही वेगळी : गरम झालेलं इंजिन बंद करून मिनिट-दीड मिनिटाच्या आत बघायचं. त्यामुळे शेजाऱ्याच्या गाडीवर शिकलेली रीत आपल्या गाडीला लागू पडेलच असं नाही. मॅन्युअलचं ते पान वाचावंच लागतं.

गरम का? वीस अंशांवरून ऐंशी अंशांवर गेलेलं ऑईल साधारण चार टक्क्यांहून जास्त फुगतं. आठ लिटरच्या गिअरबॉक्सात ही वाढ साडेतीनशे मिलीच्या आसपास जाते. म्हणून पट्टीवर गार आणि गरम अशा वेगळ्या खुणा असतात. टोयोटाच्या पट्टीवरची गरम खूण 70 ते 80 अंशांसाठी असते. थंड गाडीत गरम खुणेपर्यंत भरलं तर गाडी तापल्यावर ऑईल जास्त होणार. इंजिनमध्ये दोन-तीनशे मिलीचा फरक सहसा खपून जातो, इथे खपत नाही. पातळी जास्त झाली की फिरणारे भाग ऑईल घुसळून फेस करतात, कमी झाली तर पंप हवा ओढतो. दोन्हीकडे ऑईलात हवा, दाब कमी आणि क्लच सरकायला लागतो. लक्षणं सारखीच, त्यामुळे नुसत्या धक्क्यांवरून ‘कमी असेल, टाका थोडं’ म्हणणाऱ्याचं ऐकू नये.

नव्या गाड्यांत तर पट्टीच नसते. खाली एक तपासणीचं बूच असतं. गाडी चारही चाकांवर सारखी उचललेली, इंजिन चालू, ऑईल ठरलेल्या तापमानाला (बऱ्याच गाड्यांत 35 ते 45 अंश, काहींत त्याहून जास्त) आणि बुचातून बारीक धार ओघळत थेंबांवर आली की पातळी बरोबर. तापमान गाडीच्या संगणकाला जोडलेल्या स्कॅनरवर वाचावं लागतं. एका जॅकवर पुढची बाजू उचलून हे काम होत नाही. चालू इंजिनाच्या गाडीखाली शिरायचं तर चार भक्कम स्टँड हवेत. माझं मत विचाराल तर अशी गाडी रॅम्प असलेल्या गॅरेजात न्यावी.

बदलण्याचं गणितही निराळं आहे. इंजिनचं बूच काढलं की जवळपास सगळं ऑईल येतं. गिअरबॉक्समधून निम्मंच येतं, उरलेलं कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये अडकतं. आठातलं चार लिटर बदललं तर नवं ऑईल 50 टक्के. थोडी गाडी चालवून पुन्हा केलं तर 75, तिसऱ्यांदा 87.5. निघालेलं ऑईल मापाच्या भांड्यात मोजा आणि तेवढंच भरा. अर्थात आधीची पातळी बरोबर होती ना, हे बूच काढण्यापूर्वी बघितलेलं असेल तरच या मापाला अर्थ. गिअरबॉक्सचं चेंबर उघडलात तर आतल्या चुंबकावर करडा, लोण्यासारखा थर दिसेल. तो झिजेचा, चिंता नको. बोटाला टोचणारे तुकडे दिसले तर मात्र चिंतेचं.

डब्याची निवड करताना इंजिन ऑईलचा दाटपणा सांगणारी ‘5डब्ल्यू-30’ची भाषा विसरा. इथे निर्मात्याचं नाव चालतं : ह्युंदाईच्या सहा गिअरच्या टॉर्क कन्व्हर्टरला एसपी-4, टोयोटाला डब्ल्यूएस, होंडाच्या जुन्या पाच गिअरवाल्यांना डीडब्ल्यू-1. सीव्हीटीचं, म्हणजे ठरावीक गिअरऐवजी पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकचं, फ्लुइड आणखी वेगळं, त्यात साधं एटीएफ घातलं तर पट्टा घसरून गिअरबॉक्सच निकामी होऊ शकतो. आणि मारुतीची एजीएस (ऑटो गिअर शिफ्ट) असेल तर हा सगळा खटाटोप तुमच्यासाठी नाही. तो मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच आहे, क्लच आणि गिअरचं काम तेवढं यंत्र करतं, त्याचं गिअर ऑईलही मॅन्युअलसारखंच.